आईचे हात चपळ आहेत

माझ्या कोपराचा धक्का लागला, कप टेबलावरून घसरला आणि जमिनीला टेकायच्या आत आईच्या हातात होता. ती ओट्याशी उभी होती, पाठमोरी. वळलेली मला दिसलीच नाही. एकदम दिसली ती गुडघ्यात वाकलेली, हातात कप, आणि कपात घोटभर चहा अजून हिंदकळतोय.

"वा!" बाबा वर्तमानपत्राच्या आडून म्हणाले. "अजून तस्सेच हात आहेत. गोलकीपर व्हायला हवी होतीस तू."

"आणि तुमचा डबा कोणी केला असता? पंचांनी?"

कप तिने डाव्या हाताने झेलला होता. आई डावखुरी नव्हती. हे मी पाहिलं, आणि पाहून पुन्हा कागदात डोकं घातलं.

मी शाळकरी मुलांसाठी शब्दकोश तयार करणाऱ्या कचेरीत काम करते. त्या आठवड्यात 'च' चालू होता. प्रत्येक शब्दाचा अर्थ लिहायचा आणि खाली त्याच्या वापराची दोन वाक्यं द्यायची, असा आमचा नेम. मी 'चपळ'वर अडले होते. अर्थ लिहून झाला होता : ज्याच्या हालचाली जलद आणि नेमक्या असतात असा. पहिलं वाक्यही झालं होतं : खार चपळ असते. दुसरं वाक्य माणसाबद्दलचं हवं होतं.

"आई, चपळ म्हणजे काय गं?"

"हे तू मला विचारतेस? मग तुम्ही कचेरीत दिवसभर काय करता, माशा मारता?"

"सांग ना. तुझ्या शब्दांत."

"मुंगूस," ती म्हणाली. "मांजर. आणि ताटं मांडली की तुझी आत्या."

बाबा खो-खो हसले. आत्या त्यांची सख्खी बहीण, तरी हसले.

"माणसाबद्दल सांग."

ती डब्याचं झाकण लावत होती. ते नीट बसेना. तिने डबा पोटाशी धरला आणि तळहाताने दाबून बसवला. मग म्हणाली, "माणसाला कुणी चपळ म्हणालं ना, की समजावं, आता काहीतरी काम गळ्यात पडतंय."

मी हसले आणि कागदावर लिहिलं : आईचे हात चपळ आहेत. तिला वाचून दाखवलं.

"हातच ना? बरं केलंस. बाकीची बाई कुणाला हवीय?" तिने पिशवी खांद्याला लावली. "ते जाऊ दे. तो अर्ज लिहिणार होतीस तू."

कारखान्यातल्या पंचिंगच्या मशीनवरून काढून तिला चिकटवणीच्या टेबलावर बसवावं, असा अर्ज. उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या येत होत्या. सकाळी तर तासभर बोटं जागीच होत नसत. तीन आठवडे ती मला सांगत होती. तोंडी तिने सुपरवायझरला सांगून पाहिलं होतं. तो म्हणाला होता, "मावशी, तुमच्यासारखी चपळ बाई मी दुसरी आणू कुठून?"

"रविवारी लिहू गं," मी म्हणाले.

"दोनच ओळी तर आहेत."

"दोन असल्या तरी नीट लिहायला हव्यात. रविवारी निवांत बसून लिहू. आणि जाता जाता ती आतली निळी फाईल दे ना मला. तू चपळ आहेस."

तिने फाईल आणून दिली. ओट्यापाशी उभ्या उभ्या शेवटचे दोन घास खाल्ले, बाबांच्या चष्म्याची दोरी तुटली होती ती जाता जाता बांधली, आणि गेली. आमच्या टेबलाला चार खुर्च्या आहेत. एकीवर बाबा होते, एकीवर मी, एकीवर माझी फाईल. चौथी रिकामी होती.

तो बुधवार होता.

*

आई सव्वीस वर्षं खोक्यांच्या कारखान्यात होती. बुटांची, साबणाची, औषधांची खोकी. मोठा पुठ्ठ्याचा ताव यायचा, तो साच्यात कापला जायचा, मग दुमडून चिकटवला जायचा. आईचं काम कापायचं.

पंचिंगचं मशीन म्हणजे पुस्तकासारखे उघडणारे आणि मिटणारे दोन लोखंडी पाट. एका पाटावर पात्यांचा साचा. पाट उघडले की कापलेला ताव एका हाताने काढायचा, दुसऱ्या हाताने नवा ठेवायचा, हात बाहेर. पाट मिटतात. पुन्हा उघडतात. मिनिटाला वीस वेळा, आणि दिवसभर उभ्याने. बायका त्याला जबडा म्हणत.

ताव कधी वाकडा बसतो. अशा वेळी हाताशी असलेला खटका खाली ओढायचा, म्हणजे जबडा पुरता मिटत नाही, मग ताव सरळ करायचा. नियम असा आहे. पण खटका ओढला की एक फेरी वाया जाते, आणि मशीनवर फेऱ्या मोजायला बसवलेल्या आकड्यात ती दिसते. म्हणून बायकांनी आपली एक रीत काढली होती. जबडा मिटत येत असतानाच दोन बोटं आत घालायची, तावाची कड चिमटीत धरून सरळ करायची आणि बोटं काढून घ्यायची. याला त्या खुडणं म्हणत. "खुडलंस?" "खुडलं." जणू मेथीची जुडी पुढ्यात आहे.

मशीन नवं आलं तेव्हा त्याच्या तोंडाशी एक आडवी दांडी होती. मनगट तिला टेकलं की मशीन जागच्या जागी थांबायचं. पण पुठ्ठ्याची कडही तिला टेकायची, आणि मशीन दिवसातून तीस-चाळीस वेळा थांबायचं. दुसऱ्या महिन्यात सुपरवायझरने चार नट खोलून ती दांडी काढली. टाकायची कशाला, म्हणून भिंतीत दोन खिळे ठोकून आडवी लटकवली. बायका तिच्यावर नॅपकिन वाळत घालू लागल्या, डब्याच्या पिशव्या अडकवू लागल्या. हात वाचवायला आलेल्या दांडीवर वीस वर्षं हातपुसणी सुकत होती. हे आईनेच मला हसत हसत सांगितलं होतं, आणि मीही हसले होते.

दांडीच्या उजव्या टोकाला आईने पिशवीसाठी दोरीचा एक फास बांधून ठेवला होता. खोकी बांधायची निळी प्लास्टिकची दोरी. आईची गाठ वेगळी असायची. दोन फेरे उलट आणि मधून एक सुलट. माझ्या शाळेच्या पाण्याच्या बाटलीला ती गाठ होती. बाबांच्या चष्म्याला आहे. ती सोडायची कशी ते तिच्याशिवाय कुणाला जमलं नाही.

मी अकरा वर्षांची असताना, शाळेला सुट्टी म्हणून, एक दिवस तिच्याबरोबर कारखान्यात गेले होते. त्या दिवशी मालक कुणा पाहुण्यांना घेऊन आले. "बाई, जरा इकडे बघून दाखवा," ते म्हणाले. आईला ते नेहमीचं असावं. तिने जबड्याकडची नजर काढली, पाहुण्यांकडे बघत राहिली, आणि न बघता ओळीने दहा ताव लावले. काढ, ठेव, काढ, ठेव. पाहुण्यांतल्या एका बाईने तोंडावर हात घेतला. मालक म्हणाले, "याला म्हणतात चपळाई!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मीही वाजवल्या. सगळ्यांत जोरात.

*

बुधवारी अकरा वीसला काय झालं ते मला ठेंगणीने सांगितलं. ठेंगणी शेजारच्या मशीनवर. तिला सगळे त्याच नावाने हाक मारतात, तीही त्यालाच ओ देते. ताव वाकडा बसला. आई "खुडते" म्हणाली. तशी ती म्हणायचीच. बोटं आत गेली. कड चिमटीत आली की नाही हे बोटांना कळलं नसावं, कारण ती आणखी वाकली, पार खांद्यापर्यंत आत, आणि जबडा मिटला. थांबवायचं बटण मशीनच्या पलीकडच्या अंगाला. ठेंगणीने धावत जाऊन ते दाबलं.

"मी लई पळाले गं," ती म्हणाली. "पण माझे पाय हे असे एवढाले."

दवाखान्यात डॉक्टर माझ्याशी फार हळू आवाजात बोलत होते. तीन वाजून दहा मिनिटांनी त्यांनी सांगितलं तेव्हा एक बाई व्हरांड्यात फरशी पुसत माझ्यापर्यंत आली होती. मी पाय उचलले. तिने खालची फरशी पुसली. मी पाय खाली ठेवले. ती बाईसुद्धा चपळ होती.

मग चार दिवस माणसं येत राहिली, आणि प्रत्येकाच्या तोंडी तोच एक शब्द. काय चपळ बाई होती. एका जागी म्हणून बसली नाही. पायाला भिंगरीच. माझ्या लग्नात, आत्या डोळे पुसत म्हणाली, दोनशे माणसांना वहिनीने एकटीने वाढलं, बघता बघता. मला विचारायचं होतं की कोण बघत होतं. दोनशे माणसांना एक बाई वाढत असताना बाकीचे नुसते बघत कसे होते?

 मी चहा करायला उठले. आत्या म्हणाली, "आईवर गेलीस हो. चपळ आहेस."

शब्दांशी माझा रोजचा संबंध आहे. मालकाला कुणी चपळ म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. मालक तडफदार असतो. अधिकारी कार्यक्षम असतो, पुढारी धडाडीचा, डॉक्टर निष्णात. चपळ असते ती खार. चपळ असतो वाढपी, हमाल, आणि फरशी पुसणारी बाई. ज्याने बसायचं नाही असं आधीच ठरलेलं आहे, त्याच्यासाठी हा शब्द राखून ठेवला आहे. हे मला चौतीस वर्षं कळलं नाही, आणि मी शब्दकोश लिहिते.

*

शनिवारी सुपरवायझर घरी आला. हातात प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला कागद. चप्पल काढून आत आला, चौथ्या खुर्चीवर बसला, बाबांचा हात हातात घेतला. माणूस वाईट नाही. वाईट असता तर मला सोपं गेलं असतं.

"मावशींनीच मला काम शिकवलं," तो म्हणाला. "मी लागलो तेव्हा मला पुठ्ठ्याची उलटसुलटही कळत नव्हती."

मग त्याने कागद काढला. सोमवारी तीन वाजता इन्स्पेक्टर येणार होते. त्यांच्यापुढे अहवाल ठेवायचा होता, आणि घरच्यांनी तो वाचला, त्यांची काही तक्रार नाही, अशी खाली सही हवी होती. एवढं झालं की प्रकरण मिटलं.

बाबांनी खिशातून पेन काढलं.

"थांबा बाबा. वाचू दे."

मी वाचलं. पुन्हा वाचलं. 'अपघाताचे कारण' असं छापलेलं होतं आणि पुढे टाईप केलं होतं : यंत्रास सुरक्षा-दांडी बसवलेली असताना सदर कामगाराने ती चुकवून हात आत घातला. वयोमानामुळे चपळाई कमी पडल्याने हात वेळेत बाहेर काढता आला नाही.

"दांडी बसवलेली होती?" मी विचारलं.

"हो. म्हणजे... आहे ना ताई. या तुम्ही, बघा पाहिजे तर."

"दांडी होती तर मशीन थांबलं का नाही?"

"चुकवली ना त्यांनी. लिहिलंय तसं."

"मिटत्या जबड्यात, दांडी चुकवून, खांद्यापर्यंत हात घातला?"

"हो."

"मग चपळाई कमी पडली का जास्त झाली? एक काय ते ठरवा."

 बाबा म्हणाले, "जाऊ दे ना गं. एका शब्दाने काय होतंय?"

"तेच म्हणतो मी," सुपरवायझर म्हणाला. "शब्द आहे नुसता, ताई. पाहिजे तर बदलू. तुम्हीच सुचवा, तुमचं तर तेच काम."

 सव्वीस वर्षं त्या एका शब्दावर त्यांनी मशीन चालवलं होतं. दांडीऐवजी तो शब्द बसवला होता. आणि आता तोच शब्द, मेलेल्या बाईच्या नावापुढे, तिचाच दोष म्हणून.

"त्या मशीनवर आता कोण आहे?" मी विचारलं.

"ठेंगणी. सोमवारपासून."

"आणि इन्स्पेक्टर गेल्यावर दांडी कुठे जाईल?"

तो रिकाम्या प्लास्टिकच्या पिशवीची घडी घालत राहिला. उत्तर दिलं असतं तर खोटं बोलावं लागलं असतं, आणि मी म्हटलं ना, माणूस वाईट नाही.

"सही सोमवारी देते," मी म्हणाले. "मी येते तिकडे."

"या ना. जेवणाच्या सुट्टीत शोकसभा आहे. मालक स्वतः बोलणार आहेत."

तो गेल्यावर बाबा बराच वेळ चष्म्याच्या दोरीशी चाळा करत राहिले. "सही केली नाही तर ती परत येणार आहे का?" ते म्हणाले.

"आणि केली तर?"

"मग भांडायचं कशासाठी?"

 "तिने अर्ज लिहायला सांगितला होता, बाबा," मी म्हणाले. "तीन आठवडे सांगत होती. मी लिहिला नाही."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग पेन खिशात ठेवलं.

*

सोमवारी मी पाऊण वाजता पोचले. मशीनं थांबली होती, तरी हवेत पुठ्ठ्याची भुकटी होती. आईच्या केसांना हा वास असायचा.

दांडी मशीनवर होती. चार नवे नट. दांडीला नवा पिवळा रंग, इतका नवा की वास मारत होता. भिंतीवर दोन खिळे रिकामे, आणि त्यांच्यामध्ये, जिथे वीस वर्षं दांडी लटकत होती, तिथे लांबट पांढरा पट्टा. बाकीची भिंत काळवंडलेली. बायकांच्या पिशव्या खाली जमिनीवर ओळीने ठेवलेल्या.

ठेंगणी नळाशी हात धूत होती. मला बघून जवळ आली. "बुधवारीच लावली," ती ओठ न हलवता म्हणाली. "तुम्ही दवाखान्यात होता तेव्हाच. रंग नंतर दिला."

"हे सांगशील?"

"कुणाला?"

"तीनला येतील त्यांना."

तिने हात झटकले. नॅपकिन शोधायला तिची नजर सवयीने भिंतीकडे गेली आणि परत आली. "मला त्याच मशीनवर उभं केलंय गं," ती म्हणाली. "सकाळपासून चारदा थांबलं. सुपरवायझर म्हणतो, आजचा दिवस थांबू दे. आजचा दिवस."

मी दांडीपाशी गेले. डाव्या टोकापासून हात फिरवत उजवीकडे गेले. गुळगुळीत, गुळगुळीत, आणि मग अगदी शेवटी बोटांना काहीतरी लागलं. खाली वाकून पाहिलं. फास कापून टाकलेला होता. गाठ मात्र सुटली नव्हती. ती कुणाला सुटत नाही. तिच्यावरूनच रंग दिला होता. दोन फेरे उलट, मधून एक सुलट, सगळं पिवळं. नखाने खरवडलं तर आतून निळी दोरी निघाली.

तेवढ्यात सगळे जमले. आईचा फोटो तिच्या मशीनच्या शेजारी ठेवला होता, एका खुर्चीवर. खुर्ची ऑफिसातली, गादीची, हात असलेली. फोटो ओळखपत्रावरचा मोठा करून घेतलेला, त्यामुळे चेहरा जरा पुसट. सव्वीस वर्षं त्या जागी साधं स्टूल नव्हतं. स्टूल अडचण करतं म्हणत.

मालक बोलले. चांगलं बोलले, आवाजही मध्येच भरून आला. ते म्हणाले, अशी चपळ बाई मी आयुष्यात पाहिली नाही. म्हणाले, पाहुणे तिचे हात बघायला यायचे. म्हणाले, तिच्या नावाचा फलक आपण इथे लावू, म्हणजे नव्या मुलींना चपळाईचा आदर्श कायम डोळ्यांपुढे राहील. "पण शेवटी," ते म्हणाले, "वयापुढे कुणाचं चालतं?" मग माझ्याकडे वळले. "ताई, तुम्ही शब्दांतलं माणूस. फलकावरचा मजकूर तुम्हीच द्या. आणि आत्ताही दोन शब्द बोला."

मी उभी राहिले. बोलायची मला सवय नाही. मी लिहिते, खोडते, पुन्हा लिहिते.

"फलक लावू नका," मी म्हणाले.

मालकांनी समजुतीने मान हलवली.

"वीस वर्षांपूर्वी ही दांडी इथून काढली. कारण ती मशीन थांबवायची. मग भिंतीला लटकवली. तिच्यावर तुम्ही सगळ्या नॅपकिन वाळत घालत होता. माझ्या आईची पिशवी या टोकाला असायची. तिने बांधलेली गाठ अजून इथे आहे. त्या गाठीवरून तुम्ही रंग दिलाय. गेल्या बुधवारी, ती दवाखान्यात जिवंत होती तेव्हा, तुम्ही ही बसवत होता."

"ताई," मालक म्हणाले, "तुमचं दुःख समजतं. पण ही वेळ नाही."

"वेळ आहे. सुट्टी संपायला अजून आठ मिनिटं आहेत."

कुणीतरी मागे चुळबुळलं. मी पिशवीतून कागद काढला. "यात लिहिलंय की तिची चपळाई कमी पडली. तिची बोटं बधिर होती. तिने तुम्हाला सांगितलं होतं. मलाही सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, चपळ बाई कुठून आणू. मी म्हणाले, रविवारी बघू. कमी पडलं ते तिचं काही नाही. मी यावर सही करणार नाही."

 सुपरवायझर जमिनीवरच्या पिशव्यांकडे बघत होता. बायका एकमेकींकडे बघत नव्हत्या. मला वाटलं, झालं, एवढंच.

मग ठेंगणी म्हणाली, "माझा नॅपकिन तिच्या पिशवीच्या शेजारी असायचा." फार मोठ्याने नाही. "हिरव्या काठाचा. सगळ्यांना ठाऊक आहे."

"ए, गप," मागून कुणीतरी म्हणालं. रागाने नव्हे, काळजीने.

"चार नट," ठेंगणी म्हणाली. "माझ्यासमोर खोलले. माझ्यासमोर लावले. कितीदा गप बसू?"

मालकांनी घड्याळ पाहिलं. "यावर आपण ऑफिसात बसून बोलू," ते म्हणाले आणि ऑफिसकडे चालू लागले. सुट्टी संपल्याची घंटा झाली. बायका उठल्या, भुकटी झटकली. ठेंगणी आईच्या जागी जाऊन उभी राहिली. तिच्यासाठी खाली लाकडी फळी ठेवली होती. तिने मशीन चालू केलं. जबडा उघडला, मिटला. पहिल्याच तावाची कड दांडीला टेकली आणि मशीन थांबलं. तिने पुन्हा चालू केलं. पुन्हा थांबलं. तिने सुपरवायझरकडे पाहिलं. सुपरवायझरने दुसरीकडे पाहिलं.

तीन वाजायला पावणेदोन तास होते. मी पुठ्ठ्याचा एक गठ्ठा दांडीच्या उजव्या टोकाशी ओढून घेतला, त्यावर बसले, आणि अहवालाचा कागद पालटून कोऱ्या बाजूला लिहायला लागले. इन्स्पेक्टरांच्या नावे. बुधवारपासून नाही, पहिल्यापासून. दांडी कधी काढली. कोणी काढली. गाठ कुठे आहे. बोटं कधीपासून बधिर होती. अर्ज कोणी लिहायचा होता.

आठ-दहा ओळी झाल्या असतील. शेजारी हालचाल झाली म्हणून मान वर केली. सुपरवायझर आईच्या फोटोपाशी होता. त्याने फोटो उचलून काखेत धरला होता आणि दुसऱ्या हाताने खुर्ची ओढायला घेतली होती.

"ऑफिसात लागते, ताई," तो हलकेच म्हणाला. "पाहुणे यायचेत."

"ठेवा ती."

"अहो, पण..."

"खाली ठेवा. तिलाही ठेवा."

त्याने फोटो परत खुर्चीवर टेकवला. तो जरा कलला. मी उठून सरळ केला. ठेंगणीचं मशीन पुन्हा थांबलं होतं, त्यामुळे त्या कोपऱ्यात क्षणभर काहीच आवाज नव्हता, आणि जे मी बोलले ते सगळ्यांना ऐकू गेलं.

"तू बैस, आई," मी म्हणाले. "मी करते."